बर्फ, खांब आणि डोंगराची परवानगी

फोटोग्राफी शिकणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मार्या हेलांडर या सामी (उत्तर युरोपातला आदिवासी समाज) छायाचित्रकर्तीचं काम पाहिलं. सोबतच्या मजकुरात लिहिलेलं असतं की सामी लोक डोंगर, दगड, नदी यांच्यात जीव मानतात आणि ते त्यांच्या कलेत उतरलं आहे. मला मात्र फोटोत बर्फ दिसतो, उजाड माळ दिसतो, खाणीचे ढिगारे दिसतात, मध्येच एखादी बाई उभी दिसते. जीव कुठे आहे? माझं काय पाहायचं राहून जातंय? आणि असं काम तिकडे जाऊन मला करता येईल का?"

तुमचं काही राहून गेलेलं नाही. तुम्ही जे आहे तेच पाहिलंत, आणि मजकुरावर विश्वास ठेवून नसलेलं 'दिसलं' असं म्हणाला नाहीत, हे मला फार आवडलं. मी सव्वीस वर्षं निसर्गदृश्यांची फोटोग्राफी करतो आणि शिकवतो. फिनलंडच्या अगदी उत्तरेला, उत्स्योकीच्या आसपास, दोन हिवाळे मिळून सात आठवडे राहून काम केलं आहे. सामी समाजाचं मला जे कळलं ते पाहुण्याला कळावं तेवढंच, हे आधी सांगतो. माझं उत्तर असं की जीव फोटोतल्या वस्तूंमध्ये शोधू नका. फोटो काढणारी बाई कुठे उभी आहे आणि कुणासमोर उभी आहे, तिथे शोधा.

आधी हेलांडर यांच्याविषयी. जन्म १९६५, हेलसिंकीत. वडील सामी, आई फिनिश. घराण्याची मुळं उत्स्योकीची, वाढ मात्र राजधानीत, जवळजवळ बाराशे किलोमीटर दक्षिणेला. उत्स्योकी ही फिनलंडमधली एकमेव नगरपालिका, जिथे सामी बहुसंख्य आहेत. म्हणजे ज्या डोंगरांचे त्या फोटो काढतात ते त्यांच्या वडिलांच्या घराण्याच्या गोष्टींतले डोंगर आहेत, पण रोज सकाळी खिडकीतून दिसणारे नव्हेत. हे अंतर लक्षात ठेवा, कारण त्यांच्या सगळ्या कामाची वेदना तिथे आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी ज्यांचं गाव सुटलं आणि गावातल्या देवाला वर्षातून एकदाच नारळ चढतो, त्यांना ती समजायला वेळ लागणार नाही.

आता 'जीव मानणं' म्हणजे काय ते. आज बहुतेक सामी ख्रिस्ती आहेत, एकोणिसाव्या शतकातल्या लेस्टाडियन या ख्रिस्ती पंथाची छाप अजून अनेक घरांत आहे. तेव्हा प्रत्येक सामी माणूस गुपचूप दगडाची पूजा करतो असं समजू नका. जुना धर्म मोडून काढला गेला, आणि तो प्रेमाने मोडला गेला नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत मिशनऱ्यांनी सामी ढोल जप्त केले, जाळले. नोआइदी, म्हणजे ढोलाच्या साथीने आत्म्यांच्या दुसऱ्या जगात जाऊन येणारा जाणता माणूस, याच्यावर खटले चालले. अँडर्स पोल्सेन या वृद्ध सामीचा ढोल १६९१ मध्ये नॉर्वेच्या वारांगर भागात जप्त झाला. पुढच्या वर्षी खटल्याचा निकाल लागण्याआधीच त्याचा खून झाला. तो ढोल डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मालकीत गेला आणि सामी लोकांकडे मालकीहक्काने परत आला तो २०२२ मध्ये. सव्वातीनशेहून अधिक वर्षं.

धर्म मोडला तरी सवयी आणि शब्द उरतात. उत्तर सामी भाषेत 'लुओन्दु' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ निसर्ग, आणि माणसाचा स्वभावही. आपल्या 'प्रकृती'सारखाच. दुसरा शब्द 'मेअह्त्सी'. याचं भाषांतर सगळे 'निर्मनुष्य रान' असं करतात आणि इथेच घोळ होतो. मेअह्त्सी म्हणजे जिथे आपण कामाला जातो ती जागा: सरपणाची, मासेमारीची, क्लाउडबेरी नावाची पिवळी बोरं वेचायची. प्रत्येक कामाची मेअह्त्सी वेगळी. पर्यटकाला जी 'अस्पर्श निसर्गभूमी' वाटते ती त्या माणसांच्या लेखी नावानिशी ओळखीची, वापरातली, देण्याघेण्याची जागा असते. हा एक शब्द कळला की तुम्ही पाहिलेले अर्धे फोटो उलगडतात, कारण हेलांडर रिकामा निसर्ग दाखवतच नाहीत. कुणीतरी नांदत असलेल्या घराचं काय झालं, ते दाखवतात.

देण्याघेण्याचं सगळ्यात ठळक ठिकाण म्हणजे सिएदी. नैसर्गिक दगड, कधी मोठा खडक, कधी तळ्याकाठची कपार. त्याला मासे, रेनडिअरची शिंगं, चरबी अर्पण व्हायची. फिनलंडमध्ये अशा जागांवर झालेल्या उत्खननांत रेनडिअर, मासे, पक्षी, अगदी शेळ्या-मेंढ्यांचीही हाडं सापडली आहेत. मराठी वाचकाला बांधावरचा शेंदूर लावलेला दगड लगेच आठवेल. आठवू द्या, पण तिथेच थांबू नका. शेंदूर लांबून ओळखू येतो. सिएदीला बहुधा कोणतीच खूण नसते. ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो ठाऊक. शिवाय तो व्यवहार होता: मासे मिळेनासे झाले तर माणसं दगडाकडे पाठ फिरवत, कधी त्याला फोडूनही टाकत. भक्तीपेक्षा शेजारधर्माच्या जवळचं हे नातं आहे.

मला हे पुस्तकातून कळलं होतं, पण अंगात उतरलं ते एका फजितीतून. पहिल्याच खेपेला मी ताना नदीच्या वरच्या अंगाला एका सपाट जागी तंबू ठोकून रात्र काढली, पहाटेचा प्रकाश हवा होता म्हणून. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी जिच्या घरी खोली घेतली होती त्या बाईंना मी थंडीचं कारण सांगितलं. त्या मासे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "झोपायच्या आधी विचारलंस का तिथे?" मला वाटलं जमिनीच्या मालकाला. तसं नव्हतं. ज्या जागी रात्र काढायची तिथल्या अदृश्य रहिवाशांना 'आम्ही एक रात्र राहतो' असं सांगायचं, हा त्यांच्या लहानपणापासूनचा रिवाज. त्या दर रविवारी चर्चला जात. दोन्ही गोष्टींत त्यांना विसंगती वाटत नव्हती. त्यांनी त्यावर आणखी एक शब्दही खर्च केला नाही, मला मात्र त्या दिवसापासून तिवई रोवतानाही हात जरा थबकतो.

आता या थबकण्याचा छायाचित्राशी संबंध काय, ते पाहू. निसर्गदृश्याची जी शैली आपण सगळे शिकलो, तिच्यात फोटोग्राफर उंचावर जातो, क्षितिज बसवतो, समोर एखादा दगड आणि मागे शिखर ठेवतो आणि प्रदेश ताब्यात घेतो. त्या शैलीत डोंगर हा देखावा असतो. तिकडचे डोंगर मुळात त्या शैलीला दाद देत नाहीत. ते गोल, बुटके, उघडे असतात. फिनिशमध्ये 'तुंतुरी', सामीत 'दुओत्तर'. कारिगास्निएमीजवळचा आइलिगास जेमतेम ६२० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. आइलिगास या नावातच 'पवित्र' असा अर्थ आहे आणि उत्स्योकी परिसरात या नावाचे एकाहून अधिक डोंगर आहेत. उंचीने किंवा सुळक्याने तो पवित्र ठरलेला नाही. कारिगास्निएमीच्या त्या आइलिगासच्या माथ्यावर आज प्रक्षेपणाचा मनोरा उभा आहे. पर्यटक तो मनोरा चौकटीबाहेर ठेवण्यासाठी अर्धा तास खटपट करतात, मीही केली आहे. हेलांडर यांची रीत याच्या उलट आहे. खांब, तारा, रस्ता, ढिगारा हे त्यांच्या चौकटीत राहतात. मला वाटतं, ज्याला तुम्ही माणूस मानता त्याच्या चेहऱ्यावरची जखम तुम्ही फोटोत खोडून टाकत नाही. हा माझा अर्थ आहे, त्यांचं विधान नव्हे.

प्रकाशाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तिथली भूमी कलेला घडवते म्हणजे नेमकं काय करते, ते इथे हाताला लागतं. उत्स्योकीत नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. सामीत या काळाला 'स्काब्मा' म्हणतात. पण त्याचा अर्थ चोवीस तास काळोख असा नाही. दुपारच्या सुमाराला काही तास संधिप्रकाश असतो, दक्षिणेला फिका गुलाबी आणि बाकी सगळीकडे निळा. हा निळा रंग येतो कारण सूर्य क्षितिजाखाली असताना प्रकाश वातावरणातल्या ओझोनमधून लांबचा प्रवास करून येतो आणि ओझोन त्यातला नारिंगी-तांबडा भाग शोषून घेतो. तुमच्या कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स या निळ्याला चूक समजतो आणि पुसतो. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचंही तेच. तो समोरच्या सगळ्याला अठरा टक्के राखाडी धरून चालतो, त्यामुळे उजेडातला बर्फ मळकट येतो. म्हणून उजेड एक ते दोन स्टॉप (दुप्पट ते चौपट) वाढवून घ्यावा लागतो. आणि स्काब्मातल्या बर्फाला तसं वाढवलं की तो दुपारचा होऊन बसतो, काळ्या दिवसांचा उरत नाही. तिथे पहिल्या आठवड्यात माझी शेकडो चित्रं या एकाच कारणाने वाया गेली. यंत्राला मधल्या अक्षांशांवरचा दिवस हाच नियम वाटतो. तिथे काम करणाऱ्याला हा नियम जाणूनबुजून मोडावा लागतो, आणि किती मोडायचा हे त्या जागेत राहिल्याशिवाय कळत नाही. उन्हाळ्यात उलट: मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य मावळत नाही, मध्यरात्रीही सावल्या पडतात, सूर्य क्षितिजालगत असतानाचा 'सोनेरी तास' चार-चार तास रेंगाळतो. दिवस आणि रात्र हे घड्याळाचे कप्पे न राहता ऋतू होतात. सामी परंपरेत ऋतू आठ मानले जातात, ते रेनडिअरच्या वर्षावरून. अशा काळाचा फोटो काढणाऱ्याला 'निर्णायक क्षण' (नेमका एक क्षण पकडणं) वगैरे कल्पना जरा परक्या वाटल्या तर नवल नाही. हेलांडर यांच्या चित्रांतला तो थांबलेपणा, ज्याला लोक घाईने 'उत्तरेची शांतता' म्हणतात, मला या प्रकाशातून आलेला वाटतो.

आता त्या उभ्या असलेल्या बाईकडे येऊ. ती बऱ्याचदा स्वतः हेलांडर असते. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या 'मॉडर्न नोमॅड्स' या मालिकेत त्या स्वतःचेच फोटो काढतात. कधी ऑफिसच्या कपड्यांत उघड्या डोंगरावर धडपडताना, कधी गाक्ती हा सामी पोशाख घालून शहरी दुकानात किंवा घरकामात. पाहणारा आधी हसतो. पण हे फोटो कशाला उत्तर देत आहेत, ते ठाऊक असेल तर ते हसू टिकत नाही.

१८८४ मध्ये फ्रान्सचा प्रिन्स रोलाँ बोनापार्त मोहीम घेऊन सामी मुलुखात आला. त्याच्या छायाचित्रकाराने सामी स्त्री-पुरुषांना एकेक करून उभं केलं: एक फोटो समोरून, एक बाजूने. मागे साधा पडदा किंवा भिंत. डोंगर नाही, नदी नाही, तंबू नाही. पुढे १९२२ मध्ये स्वीडनने उप्सालामध्ये वंशशास्त्राची सरकारी संस्था काढली आणि हर्मन लुंडबोर्ग याच्या हाताखाली सामींची मोजमापं आणि फोटो गोळा झाले, काहींचे नग्नावस्थेत. योकमोकच्या सामी कलाकार काटारिना पिराक सिक्कू यांनी अनेक वर्षं या दप्तरांत घालवून २०१४ मध्ये उमेओच्या बिल्डमुसीट कलासंग्रहालयात त्यावर प्रदर्शन मांडलं. हे फक्त तिकडेच घडलं असं नाही. इंग्रजांनी भारतातल्या जाती-जमातींच्या फोटोंचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात काढले, तेही माणसांचे 'नमुने' नोंदवण्याच्याच दृष्टीने.

जिथे जागेला जीव आहे असं मानतात, तिथे माणसाला जागेपासून तोडून पडद्यासमोर उभं करणं म्हणजे काय, याचा विचार करा. मोजणाऱ्याला तो केवळ 'स्वच्छ पार्श्वभूमी' वाटला. ज्याचा फोटो निघाला त्याचं अर्धं अस्तित्व चौकटीबाहेर राहिलं. हेलांडर स्वतःचं शरीर उचलून परत डोंगरावर नेऊन ठेवतात, तेव्हा ही तुटलेली जोडणी त्या करून पाहतात. आणि ती जुळत नाही, हेही प्रामाणिकपणे दाखवतात. बूट घसरतात, कपडे अडतात. शहरात वाढलेली लेक घरी आली आहे आणि घराने तिला ओळखलं की नाही, याची तिला खात्री नाही. मला त्यांच्या कामातला हा भाग सगळ्यात धाडसी वाटतो. 'मी आदिवासी, म्हणून मला निसर्गाशी बोलता येतं' असा दावा त्या करत नाहीत.

हा रस्ता त्यांच्या आधी एका माणसाने मोकळा केला होता. निल्स-अस्लाक वाल्केआपा, सामी नाव आइलोहाश, जन्म १९४३, मृत्यू २००१. कवी, योइक हे सामींचं पारंपरिक गाणं गाणारा, चित्रकार. योइकबद्दल सामी सांगतात की ते एखाद्या गोष्टी'विषयी' गायचं नसतं, त्या गोष्टीलाच गायचं असतं. लांडग्याचं योइक गाताना लांडगा तिथे असतो. वाल्केआपांनी फोटोंच्या बाबतीत तेच केलं. युरोपभरच्या संग्रहालयांत पडून असलेले सामींचे जुने फोटो, बोनापार्तच्या मोहिमेतलेही, त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केले आणि १९८८ मध्ये 'बेआइवी, आह्चाझान' म्हणजे 'सूर्य, माझा पिता' या काव्यग्रंथात कवितांच्या मधोमध ठेवले. १९९१ मध्ये त्याला नॉर्डिक कौन्सिलचा साहित्य पुरस्कार मिळाला. भाषांतरं झाली तेव्हा त्यांत फोटो छापले गेले नाहीत, कारण त्यांचाच तसा आग्रह होता. फोटो फक्त सामी आवृत्तीत. मोजमापासाठी बाहेर नेलेली माणसं आपल्या भाषेत, आपल्या माणसांत परतली आणि पुन्हा बाहेर प्रदर्शनाला निघाली नाहीत. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही. आम्ही फोटोग्राफर सगळं आयुष्य दाखवण्यात घालवतो. न दाखवणं हीसुद्धा एक पुरी, विचारपूर्वक केलेली कृती असू शकते, हे मला तिथे शिकायला मिळालं.

हेलांडर यांच्या नंतरच्या कामात त्यांचं स्वतःचं शरीर मागे सरतं आणि जमीन पुढे येते: अंधारातली उत्तरेची दृश्यं, खाणींनी उकरलेले प्रदेश, रशियाच्या कोला द्वीपकल्पासह. तुम्हाला खटकलेले ढिगारे इथले. फिनलंडमधल्या सामी मुलुखातली सुमारे नव्वद टक्के जमीन सरकारच्या ताब्यात आहे, आणि आदिवासींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार त्या देशाने अजून मंजूर केलेला नाही. खाण म्हणजे कुणासाठी निकेल, कुणासाठी नोकरी, आणि ज्यांच्या शब्दकोशात निसर्ग आणि स्वभाव एकच आहे त्यांच्यासाठी एका ओळखीच्या जिवाचं पोट फाडणं. या फोटोंत हेलांडर ओरडत नाहीत. प्रकाश सुंदरच ठेवतात. मला सुरुवातीला ते खटकलं होतं, उद्ध्वस्त जमीन इतकी देखणी का, म्हणून. आता वाटतं की आजारी आईचा फोटोही लेक चांगल्याच उजेडात काढेल.

त्यांचा २०१८ चा लघुपट 'एआत्नानवुलोश लोत्तित', म्हणजे 'मातीखालचे पक्षी', जमलं तर नक्की पाहा. बिरित आणि कात्या हार्ला या सामी नर्तकी बहिणी बॅले करत सामी गावांतून निघतात आणि शेवटी हेलसिंकीच्या संसदभवनापर्यंत पोचतात. जमीन कुणाची, हा प्रश्न तिथे एकही भाषण न करता विचारला जातो. स्थिर फोटो वाचायला जड जात असतील तर हा लघुपट आधी पाहून मग फोटोंकडे परत या.

राहिला शेवटचा प्रश्न, तुम्हाला तिकडे जाऊन असं काम करता येईल का. असं नाही, पण वेगळं, पाहुण्याचं काम करता येईल. काही गोष्टी मनात पक्क्या ठेवा. गाक्ती भाड्याने घेऊन फोटोसाठी घालू नका, घालायला लावू नका. त्या पोशाखावरून माणसाचं गाव आणि घराणं वाचता येतं, तो वेश म्हणून वापरणं त्यांना लागतं. फिनलंडच्या सामी संसदेने २०१८ मध्ये पर्यटनासाठी नैतिक तत्त्वं जाहीर केली आहेत, ती निघण्यापूर्वी वाचा. सिएदी कुणी दाखवलाच तर आधी विचारा, फोटो काढू का. काढलात तरी ठिकाण नेमकं सांगू नका, फाइलमधली जीपीएस नोंद पुसून टाका, दगड हलवू नका, हौसेने दगडांची उतरंड रचू नका. 'नको' असं उत्तर आलं तर कॅमेरा पिशवीत ठेवून तिथेच थोडा वेळ बसा.

आणि थंडीचं तंत्र: बॅटऱ्या दोन जादा, अंगाजवळच्या खिशात. बाहेरून घरात येताना कॅमेरा दारातच हवाबंद प्लास्टिक पिशवीत घाला आणि दोन तास पिशवी उघडू नका, नाहीतर भिंगाच्या आत बाष्प धरतं. पहिले दोन दिवस फोटो काढूच नका. स्काब्मातला उजेड डोळ्यांना ओळखीचा व्हायला तेवढे दिवस लागतात, मला तर चार लागले.